नवखे गलबत, जाणता तांडेल

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की समुद्र खुला झाला, असे आपण लहानपणापासून ऐकतो. मासेमारीच्या होड्यांपुरते ते खरे आहे. पण मुंबईहून राजापूरला, मालवणहून मुंबईला किंवा गोव्याहून खंबायतला माल भरून निघणाऱ्या शिडाच्या गलबताचा हिशेब त्या एका दिवसावर संपत नसे. श्रावणातली पौर्णिमा ते दिवाळी या दोन-अडीच महिन्यांत पश्चिम किनाऱ्यावरचा दर्या टप्प्याटप्प्याने खुला होतो, मध्येच पुन्हा बिघडतो आणि पूर्ण निवळला असे वाटत असतानाच कधी कधी सर्वांत मोठा तडाखा देतो. या काळात किनाऱ्याने गलबत न्यायचे, तेही कधी न वापरलेले, नुकतेच भाड्याने घेतलेले किंवा विकत घेतलेले, तर माणसे ते कसे ठरवीत? आपल्या सागरी इतिहासात गलबतांच्या जाती, तोफा आणि लढाया यांना भरपूर जागा मिळाली, या प्रश्नाला फारच थोडी. माझे म्हणणे असे आहे की शरदातला किनाऱ्याचा प्रवास सुखरूप होण्यात गलबताच्या बांधणीचा वाटा आपण समजतो त्याहून कमी होता. वारा, पाणी आणि आसऱ्याची ठिकाणे यांची ओळख, आणि ती ओळख असलेल्या माणसाच्या हाती ‘आज निघायचे नाही’ म्हणण्याचा अधिकार, यांचा वाटा खूपच मोठा होता. जाणता तांडेल नवखे गलबतही पार नेई. गलबत हाडामांसासारखे ओळखणारा कप्तान मात्र या किनाऱ्यावर ऋतू न ओळखल्यामुळे अडकल्याचे दाखले आहेत.

आधी पंचांगाकडे पाहू, कारण पहिली शंका तिथेच येते. नारळी पौर्णिमा चांद्र तिथी आहे. अधिक महिन्यामुळे ती कधी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येते, तर कधी थेट महिनाअखेरीला. पाऊस आणि वारा मात्र सूर्याच्या गतीने चालतात. मग चार आठवडे मागेपुढे होणारी तिथी दर्यावर जाण्याचा मुहूर्त म्हणून काय कामाची, असा आक्षेप घेता येतो, आणि तो वाजवी आहे. त्याला दोन उत्तरे आहेत. एक तर पौर्णिमेला उधाणाची भरती असते. पावसाळ्यात किनाऱ्यावर उंच ओढून ठेवलेली, झावळ्यांनी शाकारलेली होडी पुन्हा पाण्यात लोटायची तर मोठी भरतीच लागते, आणि ती पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच मिळते. त्यामुळे ही तिथी पूजेची असली तरी होडी उतरवण्यासाठीही ती सोयीची आहे, असे मानायला जागा आहे. दुसरे असे की हवेचा अंदाज किनाऱ्यावरची माणसे तिथीवर बांधतच नव्हती. त्यासाठी शेतकऱ्याप्रमाणेच त्यांच्याकडेही सूर्याची नक्षत्रे होती. सप्टेंबरच्या शेवटी लागणारा हस्त, दहा ऑक्टोबरच्या सुमारास लागणारी चित्रा आणि त्यानंतरची स्वाती ही नक्षत्रे सौर असल्यामुळे दरवर्षी जवळपास त्याच तारखांना येतात. हस्ताचा पाऊस गडगडाटी आणि झोडपणारा असतो, हे कोकणात कोणालाही सांगावे लागत नाही. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख आज ८ ऑक्टोबर आहे, म्हणजे हस्त संपण्याच्याच सुमाराची. पौर्णिमेने दार उघडायचे आणि नक्षत्राने पाऊल कधी टाकायचे ते सांगायचे, अशी ही दुहेरी व्यवस्था होती. तिच्यातली पौर्णिमा उत्सवामुळे आपल्या लक्षात राहिली आणि नक्षत्रांचा भाग मात्र विसरला गेला.

आता गलबत. शरदात प्रत्येक लाकडी गलबत थोडेफार नवखेच असते, मग ते मालकाच्या आजोबांच्या वेळचे का असेना. तीन-चार महिने ते पाण्याबाहेर राहिलेले असते. फळ्या आकसतात, सांधे उघडतात, दोर कुजतात, शिडाच्या कापडाला उंदीर आणि बुरशी लागते. म्हणून उतरवण्यापूर्वी सांध्यांत कापूस ठोकायचा, वरून राळ आणि तेल भरायचे, बुडाला लेप द्यायचा. आणि एवढे करूनही फळ्या पाणी पिऊन फुगेपर्यंत पहिले काही दिवस गलबत गळतच राहते. अशा स्थितीत भरला माल घेऊन लांबची खेप करणे शहाणपणाचे नव्हते. ही खबरदारी फक्त कोकणाची नव्हती. अरबी समुद्राचा मोठा जाणकार अहमद इब्न माजिद याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस नौकानयनावर जो ग्रंथ लिहिला, त्यात वाटाड्याला दिलेला एक सल्ला असा आहे, की जहाज जमिनीवर आहे तोवरच ते निरखून पाहा आणि त्याचे दोष लिहून ठेव. पाण्यात गेल्यावर बूड दिसत नाही, म्हणून ते आधी पाहायचे. नवख्या गलबताशी ओळख करून घेण्याची याहून चांगली रीत आजही सापडणार नाही. त्या सल्ल्यामागे एक गृहीत दडलेले आहे. वाटाड्या एकाच जहाजाला बांधलेला नसे. तो आज या मालकाच्या, उद्या त्या मालकाच्या जहाजावर चढे, आणि दर वेळी नवख्या लाकडाशी त्याची गाठ पडे. जहाज बदलत राही, समुद्राचे ज्ञान त्याच्याबरोबर जाई.

तांडेलाला गलबताविषयी काय जाणून घ्यावे लागे याची यादी तशी लहान आहे. भरल्यावर ते किती पाणी घेते, म्हणजे बूड किती खोल जाते. वाऱ्याच्या किती जवळ तोंड करून चालते. सुकाणू किती लवकर ऐकते. शिडाचा तिरका वासा डोलकाठीच्या एका बाजूचा दुसऱ्या बाजूला न्यायला किती माणसे आणि किती वेळ लागतो. यातले शेवटचे शरदात सर्वांत महत्त्वाचे, कारण परतीच्या पावसाचा वारा क्षणात दिशा बदलतो, आणि आमच्या किनाऱ्यावरच्या तिरक्या शिडाला बाजू बदलायला वेळ लागतो. या चार-पाच गोष्टी बंदराच्या तोंडाशी दोन-तीन फेऱ्या मारल्या तरी कळतात. किनारा मात्र असा दोन फेऱ्यांत कळत नाही.

या किनाऱ्याची घडणच विलक्षण आहे, आणि माझ्या म्हणण्याचा मुख्य आधार तीच आहे. आजच्या महाराष्ट्राच्या ७२० किलोमीटर किनाऱ्यावर सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांनी इतक्या खाड्या कोरल्या आहेत की मुंबई सोडल्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत सहसा दिवसभराच्या अंतरात आसऱ्याची जागा मिळतेच. थळ, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट, हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण ही नावे गडांमुळे आपल्याला पाठ आहेत. तांडेलाच्या दृष्टीने ती रात्रीच्या नांगराची ठिकाणे होती. म्हणून येथे गलबत महासागराला पुरून उरेल इतके दणकट असण्याची गरज नव्हती. बिघाड दिसताच ते काही तासांत आडोशाला पोहोचले पाहिजे, एवढे पुरे होते. ऑक्टोबरच्या मध्यानंतर वारा घड्याळासारखा चालू लागतो. रात्री आणि पहाटे जमिनीवरून मतलई वाहते, दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याला हा दुपारचा वारा मदतीचा. उत्तरेकडे मुंबईला येणाऱ्याला तोच तोंडावर येतो, म्हणून तो पहाटेच्या मतलईवर किनाऱ्यालगत सरकतो आणि दुपारी वारा चढला की एखाद्या भूशिराच्या आड नांगर टाकतो. एकच गलबत, एकच माल, पण जाण्याचे आणि येण्याचे नियोजन पूर्णपणे वेगळे.

आणि खाडीत शिरणे ही वेगळीच परीक्षा. पावसाळ्यातल्या पुरांनी नद्या गाळ आणून तोंडाशी टाकतात, लाटा तो सरकवतात, आणि गेल्या मे महिन्यात जिथून वाट होती तिथे सप्टेंबरात वाळू असू शकते. म्हणजे खाडीच्या तोंडाची माहिती दरवर्षी जुनी होते. मोसमाच्या पहिल्या दिवसांत लहान होड्या आधी बाहेर पडतात आणि मोठी गलबते नंतर, या क्रमाचा फायदा इथे दिसतो. कोळ्यांच्या, गाबितांच्या, दालद्यांच्या, खारव्यांच्या होड्यांना नवी वाट आपोआप ठाऊक होते आणि मागाहून येणाऱ्या व्यापारी तांडेलाला ती विचारता येते. भरतीचेही तसेच. गोव्याकडे भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास, मुंबईत उधाणाला चार-पाच मीटर, आणि खंबायतच्या आखातात तर दहा मीटरच्याही वर. गोव्याच्या सवयीने चालणारा माणूस भरूचच्या तोंडाशी गेला तर त्याचे गलबत कितीही उत्तम असो, ओहोटीला ते चिखलात आडवे होणार.

याचा सर्वांत जुना आणि स्पष्ट पुरावा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात सोपारा, कल्याण, चौल ही आपली बंदरे येतात. पण लेखक सर्वांत जास्त रेंगाळतो तो भरूचच्या नर्मदामुखाशी. किनारा सखल, नदीचे तोंड सापडत नाही, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला उथळ पाणी, आणि भरती इतकी जोराची की नांगर टाकलेली जहाजेही ती उचलून नेते. म्हणून तिथल्या राजाच्या चाकरीतले कोळी लांब होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जात, येणाऱ्या जहाजांना गाठत, ठरलेल्या जागी नांगरायला लावत आणि भरतीबरोबर ओढून आत नेत. त्या होड्यांच्या दोन जातींची नावेही ग्रंथात आहेत. मला यातला एक तपशील फार मोलाचा वाटतो. इजिप्तहून जुलैत निघालेली ही जहाजे इकडे पोहोचत ती पावसाळा सरताना, म्हणजे शरदाच्या तोंडावरच. जहाज भूमध्य समुद्राकडच्या बांधणीचे, शिडे चौकोनी, सुकाणू वेगळ्या धाटणीचे. भरूचच्या कोळ्याला ते जहाज पूर्णपणे परके. तरीही राजाने त्यावर पाठवला तो कोळीच, जहाजे बांधणारा सुतार नाही. पाणी ओळखणाऱ्याच्या हाती परके जहाज देता येते, हे इथे राजाज्ञेने मान्य झालेले दिसते.

उलटा दाखला वास्को द गामाचा. त्याची माणसे आपली जहाजे नखशिखांत जाणत होती. आफ्रिकेला वळसा घालून त्यांनी ती इथवर आणली होती. १४९८ च्या एप्रिलमध्ये मालिंदीहून त्यांना जाणता वाटाड्या मिळाला आणि अरबी समुद्र त्यांनी २३ दिवसांत ओलांडला. परतताना तो वाटाड्या नव्हता. कालिकतच्या सामोरी राजाशी बिनसल्यावर २९ ऑगस्टला त्यांनी बंदर सोडले. कालिकतपासून कारवारजवळच्या अंजदीव बेटापर्यंतचे सुमारे चारशे किलोमीटर कापायला त्यांना तीन आठवडे लागले, कारण मोसमी वारा पडलेला आणि मतलईचा काळ अजून नीट सुरू झालेला नव्हता. अंजदीवला जहाजांची बुडे साफ करून ५ ऑक्टोबरला ते आफ्रिकेकडे निघाले. ईशान्येचा वारा स्थिरावण्याआधीच निघाल्यामुळे निवांत वाऱ्यात आणि उलट्या झुळकांत त्यांचे जवळजवळ तीन महिने गेले. स्कर्व्हीने तीसेक माणसे मेली आणि पुढे माणसे अपुरी पडल्यामुळे एक जहाज स्वतःच जाळून टाकावे लागले. कोणी म्हणेल की हा किनाऱ्याचा नव्हे, महासागराचा प्रवास होता, आणि राजकीय तंट्यामुळे गामाला थांबण्याची मुभाही नव्हती. दोन्ही खरे. पण शरदात थांबता न येणे हाच तर मुद्दा आहे. तेच जहाज, तीच माणसे, तोच समुद्र, आणि २३ दिवसांचे जवळजवळ ९० दिवस झाले, ते केवळ ऋतूची आणि वाटाड्याची साथ सुटल्यामुळे.

खांदेरीची १६७९ ची मोहीम तर याच विषयाची आपल्याच दारातली कसोटी आहे. शिवाजी महाराजांच्या माणसांनी मायनाक भंडारी याच्या हाताखाली खांदेरी बेट ताब्यात घेतले ते ऑगस्टच्या अखेरीस. मुंबईकर इंग्रजांची मोठी जहाजे पावसाळ्यात जेव्हा बाहेर पडत नाहीत, नेमकी ती वेळ साधून. थळच्या किनाऱ्यापासून बेट थोड्या मैलांवर, त्यामुळे लहान मचव्यांना निवळत्या हवेतली एखादी रात्रही पुरेशी होती. इंग्रजांनी घाईघाईने स्थानिक शिबाडे आणि मचवे भाड्याने घेतले, त्यांवर आपले सैनिक चढवले आणि बेटाची नाकेबंदी करायला पाठवले. शिबाड हे माल वाहणारे रुंद गलबत. त्यावरचे खलाशी या पाण्यातले जाणते, पण हुकूम देणारे अधिकारी ना त्या गलबताला ओळखत होते ना त्या खडकाळ किनाऱ्याला. सप्टेंबरात लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प शिबाड घेऊन बेटाला भिडला आणि मारला गेला. १८ ऑक्टोबरला मराठ्यांच्या दौलतखानाचे आरमार नागावच्या बाजूने आले तेव्हा ‘डव्ह’ हे गुराब मराठ्यांच्या हाती पडले आणि भाड्याची शिबाडे रणातून निघून गेली. त्या दिवशी ‘रिव्हेंज’ या एका मोठ्या जहाजाने तोफांच्या बळावर मराठी गलबतांना नागोठण्याच्या खाडीपर्यंत मागे रेटले, हेही नोंदले पाहिजे. समोरासमोरच्या तोफांच्या लढाईत मोठे जहाज भारी पडले. पण बेटाला रसद पोहोचणे त्याला थांबवता आले नाही. लहान, कमी पाणी घेणाऱ्या होड्या रात्री, वारा पडला की वल्ह्यांनी, उथळ पाण्यातून जात राहिल्या. शेवटी इंग्रजांना तह करावा लागला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

इथे जोराचा आक्षेप घेता येईल. मराठ्यांना यश मिळाले ते त्यांच्या होड्या उथळ बुडाच्या होत्या म्हणून. म्हणजे शेवटी निर्णय गलबतानेच केला ना? मी हा आक्षेप गंभीरपणे घेतो, कारण बांधणीला शून्य किंमत आहे असे माझे म्हणणेच नाही. पण उथळ बुडाची गलबते इंग्रजांकडेही होती, त्याच सुतारांनी बांधलेली, त्याच खलाशांनी चालवलेली. ती त्यांनी भाड्याने घेतली होती. तरी ती निरुपयोगी ठरली, कारण त्यांवरचा अधिकार पाणी न ओळखणाऱ्याच्या हाती होता, आणि पाणी ओळखणाऱ्या खलाशांना त्या भांडणात जीव द्यायचे कारण नव्हते. एकाच जातीचे गलबत दोन बाजूंना दोन वेगळे परिणाम देत असेल तर फरकाचे कारण गलबताबाहेर शोधावे लागते. शिवाय ते उथळ बूड तरी कुठून आले? वाळूचे बांध, ओहोटीचा चिखल आणि खडकांमधल्या वाटा यांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या ओळखीतूनच ते घडले.

ही ओळख फक्त तांडेलाच्या डोक्यात न ठेवता राज्याच्या नियमात उतरवण्याचा प्रयत्नही झाला. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारावर वेगळे प्रकरण आहे. पावसाळ्याच्या आधीच आरमार छावणीला आणावे, एकाच बंदरात दरवर्षी ठेवू नये, रयतेला उपद्रव होऊ देऊ नये, असा त्यातला आग्रह आहे. वाचताना लक्षात येते की अमात्यांना गलबतांइतकीच चिंता ती कधी, कुठे आणि कोणाच्या आश्रयाला थांबावीत याची आहे. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत मराठ्यांनी गोदी बांधली तीही या थांबण्याच्या गरजेतूनच. पोर्तुगिजांनी वेगळा मार्ग काढला. गोवा आणि गुजरात यांच्या दरम्यान व्यापारी गलबतांचे तांडे ते लढाऊ होड्यांच्या सोबतीने पावसाळ्यानंतर काढीत. हेतू चाच्यांपासून संरक्षणाचा आणि जकात बुडू न देण्याचा होता, तरी त्याचा एक फायदा नवख्यालाही मिळे. शेकडो गलबतांच्या तांड्यात एखादे अनोळखी गलबत असले तरी पुढच्याच्या मागे चालता येई, आणि कुठे नांगरायचे हे त्याला एकट्याला ठरवावे लागत नसे.

एकोणिसाव्या शतकात ही व्यवस्था पालटली. किनाऱ्याचे नकाशे झाले, खांदेरीवर १८६७ मध्ये आणि कुलाब्याच्या टोकाला प्राँग्जवर १८७५ मध्ये दीपगृहे लागली, आगबोटी आल्या. आगबोटीला मतलईची वाट पाहावी लागत नाही, वायव्येचा वारा तिला अडवत नाही. मग निघण्याची वेळ वेळापत्रक ठरवू लागले. या बदलाने कोकणाचे भले झाले, यात शंका नाही. मुंबईच्या गिरण्यांना माणसे आणि कोकणाला पैसा याच बोटींनी पोहोचवला. पण ‘आज नको’ म्हणणारा माणूस दुय्यम झाला. १८८८ च्या नोव्हेंबरात ‘वैतरणा’ ही तीन वर्षे वयाची लोखंडी आगबोट कच्छमधल्या मांडवीहून द्वारकेमार्गे मुंबईला निघाली. तिच्यावर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. पोरबंदरला हवा बिघडल्यामुळे उतारू चढवता-उतरवता आले नाहीत, तरी ती पुढे निघाली आणि ८ नोव्हेंबरच्या वादळात सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. त्यांत मॅट्रिकच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विद्यार्थीही होते. पुढे १९२७ च्या नोव्हेंबरात ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या कोकणच्या दोन बोटी एकाच वादळात गेल्या. मराठी माणसाला ‘रामदास’ बोटीचा अपघात जास्त आठवतो, पण १७ जुलै १९४७ चा तो अपघात ऐन पावसाळ्यातला होता. वीजळी, तुकाराम आणि जयंती बुडाल्या त्या पाऊस संपल्यावर, दर्या खुला झाला असे सगळे मानत असताना.

यावर कोणी म्हणेल की निवडक अपघात दाखवून आगबोटीला दोषी ठरवणे न्याय्य नाही. आगबोटींनी अनेक दशके लाखो माणसे सुखरूप नेली, आणि शिडाची गलबतेही बुडतच होती. फक्त तीन खलाशांचे पडाव बुडाल्याची बातमी होत नसे. हे मला पूर्ण मान्य आहे. शीड सुरक्षित आणि वाफ धोक्याची, असा माझा दावा नाही. अरबी समुद्रातली शरदातली वादळे सांगून येत नसत, आणि जाणता तांडेलही त्यांत सापडे. दावा एवढाच की शिडाच्या व्यवस्थेत थांबणे हा प्रवासाचाच भाग धरला जाई. दोन दिवस जयगडला नांगर टाकून बसलेले गलबत उशिरा आले असे कोणी म्हणत नसे. आगबोटीच्या काळातही याचा एक अवशेष टिकून होता. हर्णे, रत्नागिरी अशा बंदरांत बोट किनाऱ्याला लागत नसे. उतारूंना पडावात बसवून बोटीपर्यंत नेत. लाटा जास्त असल्या तर पडाववाले जात नसत, आणि त्या दिवशी त्या बंदरचे उतारू किनाऱ्यावरच राहत. बोट पुढे गेली तरी किनाऱ्यावरच्या माणसाचा नकाराचा हक्क शाबूत होता. पोरबंदरची माणसे त्या दिवशी वाचली ती अशाच थांबण्यामुळे.

आज परिस्थिती आणखी वेगळी आहे. मासेमारीची सरकारी बंदी १ जूनला लागते आणि ३१ जुलैला उठते, म्हणजे नारळी पौर्णिमेच्या आधीच यंत्रबोटी बाहेर पडू शकतात. हवामान खात्याचे इशारे आहेत, उपग्रह आहेत, गावोगावी मोबाइल आहेत. तरीही ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ वादळ अलिबाग-मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला लागले तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कित्येक बोटी समुद्रात होत्या आणि त्यांवरची माणसे परतली नाहीत. १८८८, १९२७, १९४८ मध्ये मुंबईवर आदळलेले वादळ आणि २००९, या चारही घटना नोव्हेंबरातल्या आहेत. शंभराहून अधिक वर्षांत बोटी पूर्ण बदलल्या, महिना बदलला नाही. शरदातला हा दुसरा धोका जुन्या व्यवस्थेतही टळत नव्हता, पण दर दिवसाच्या अंतरावर एक ओळखीचा आसरा ठेवून चालण्याची तिची सवय त्याच्यावरचा त्यातल्या त्यात चांगला उपाय होती. खोल समुद्रात शंभर मैल बाहेर गेलेल्या यंत्रबोटीला तो उपाय उरत नाही.

आता मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यावर शिडाच्या नौका पुन्हा दिसू लागल्या आहेत, हौसेने फिरणाऱ्यांच्या आणि शर्यतींच्या. त्यांतले अनेक जण भाड्याच्या, नवख्या नौकेवर ऑक्टोबरात पहिल्यांदा निघतात, आणि त्यांच्याकडे नकाशे, इंजिन, उपग्रहाची दिशा सगळे असते. पण कोणत्या खाडीच्या तोंडाशी या वर्षी वाळू सरकली, कोणत्या भूशिरामागे वायव्येचा वारा लागत नाही, कोणत्या आभाळाला पाहून बंदरातच बसायचे, हे सांगणारी शिडावर वाढलेली शेवटची पिढी आता थकत चालली आहे. लढायांच्या बखरी आपण जपल्या, तांडेलाच्या तोंडची माहिती कोणी लिहून घेतली नाही. कोकणातल्या महाविद्यालयांनी, इतिहास मंडळांनी आणि मच्छीमार संस्थांनी पुढच्या एक-दोन मोसमांतच हर्णे, जयगड, विजयदुर्ग, मालवण या बंदरांत जाऊन म्हाताऱ्या तांडेलांकडून नांगराची ठिकाणे, वाऱ्याच्या खुणा आणि खाड्यांच्या वाटा त्यांच्याच शब्दांत नोंदवून घ्याव्यात.